आज्ञा-शोधमार्ग

युनिक्स व लिनक्स या संगणक प्रणालींत दिलेल्या आज्ञेची फाइल ज्या डिरेक्टऱ्यांमध्ये क्रमाने शोधली जाते, त्यांच्या यादीस आज्ञा-शोधमार्ग किंवा ‘पाथ’ म्हणतात. बेल प्रयोगशाळेतील स्टीफन बॉर्न यांनी रचलेल्या व युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर १९७९ मध्ये प्रसृत झालेल्या शेलमध्ये ही यादी वापरकर्त्यास बदलता येते. यादीत फाइल न आढळल्यास शेल ‘कमांड नॉट फाउंड’ असा संदेश देऊन १२७ हा अंक परत करते. फाइल आढळूनही ती चालविण्याची अनुमती नसल्यास हा अंक १२६ असतो.

एरवी बिनचूक चालणारी आज्ञासंहिता ‘सुडो’द्वारे प्रशासकीय अधिकाराने चालविल्यास हाच संदेश मिळतो, असा अनुभव अनेकदा येतो. याचे कारण असे की, अनेक प्रणालींत सुडो वापरकर्त्याची यादी बाजूस सारून स्वतःची सुरक्षित यादी लावते. तसे न केल्यास यादीतील एखाद्या असंरक्षित डिरेक्टरीत कोणी ठेवलेली त्याच नावाची बनावट फाइल सर्वाधिकाराने चालू शकेल. डेबियनच्या सुरक्षित यादीत स्थानिक आज्ञांची ‘यूएसआर-लोकल-बिन’ ही डिरेक्टरी असते. रेड हॅट वर्गातील अनेक आवृत्त्यांत ती नसते. सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे.

दोष शोधताना दोन्ही याद्या ताडून पाहाव्यात. मात्र सुडोपुढे ‘एको’ लिहून पाथचे मूल्य छापल्यास फसगत होते. कारण ते मूल्य सुडो सुरू होण्यापूर्वीच वापरकर्त्याचे शेल भरते. ‘प्रिंटएन्व्ह’ ही आज्ञा सुडोद्वारे दिल्यास खरी यादी दिसते. ‘सीडी’सारख्या शेलच्या अंगभूत आज्ञा व वापरकर्त्याने योजलेली उपनावे यांच्या स्वतंत्र फाइली बहुधा नसल्याने त्या सुडोला सापडत नाहीत.

आज्ञेचा संपूर्ण मार्ग लिहिणे किंवा संहितेच्या आरंभीच यादी निश्चित करणे, हे उत्तम उपाय होत. सुरक्षित यादी बदलणे अटळ असल्यास ‘व्हीआयसुडो’ वापरावे; त्यामुळे लेखनदोष वेळीच कळतो. सर्वांना लिहिता येणारी डिरेक्टरी तीत कधीही घालू नये.

आज्ञा न सापडली तरी शेल सामान्यतः थांबत नाही, पुढील ओळ चालवते. नवी प्रत काढणारी आज्ञा अशी निष्फळ ठरून जुन्या प्रती पुसणारी पुढील आज्ञा सर्वाधिकाराने पार पडल्यास माहिती कायमची नष्ट होते. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या आज्ञेनंतर परत आलेला अंक तपासणे आवश्यक ठरते.