शेगडी का पेटत नाही?

पावसाळ्यात पेण-रोह्याकडे हवा दमट असते. काडेपेटी सादळते, काडी पेटत नाही आणि दोष मात्र गॅसच्या शेगडीला!

आधी नाकाला विचारा. बटणे बंद असूनही वास येत असेल तर काडी ओढू नका, दिव्याचे बटणही दाबू नका. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. मूळचा त्याला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात. रेग्युलेटर बंद करा, दारेखिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा.

वास नसेल तर रेग्युलेटर सुरू आहे ना, ते पाहा. सिलिंडर किंचित उचला. नव्यात १४.२ किलो वायू असतो; अगदी हलका लागला तर तो संपला. नाहीतर गार झालेला बर्नर काढा. बहुधा भाताची पेज उतू जाऊन त्याची भोके बुजलेली असतात. ती टाचणीने मोकळी करा, बर्नर धुऊन पूर्ण वाळवा. ओल्या बर्नरची ज्योत फडफडते आणि विझते.