आठ रंगांचा हिशेब
जुना संगणक, हरवलेले रंग आणि कमीत कमी हानीची वाट

१९८४-८५ साली भारत सरकारने शालेय विद्यार्थ्यांना संगणकाची ओळख व्हावी म्हणून 'क्लास' हा प्रकल्प हाती घेतला. प्रारंभी देशभरातील सुमारे २५० माध्यमिक शाळा त्यासाठी निवडण्यात आल्या आणि यंत्र ठरले ते ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे 'बीबीसी मायक्रो'. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडने याच यंत्राची 'युनिकॉर्न' ही भारतीय आवृत्ती काढली. दूरदर्शनवर रंग अवतरले ते १९८२ साली. त्यानंतर दोनच वर्षांत, कळफलकावर चार अक्षरे टंकताच पडद्याचा रंग पालटावा, हे त्या पिढीला केवढे नवल वाटले असेल!

आज त्या यंत्रांचे वय चाळिशीच्या घरात आहे. शाळेच्या निकाली सामानात, भंगाराच्या ढिगात किंवा एखाद्या घराच्या माळ्यावर असे यंत्र सापडते, कौतुकाने दूरचित्रवाणीला जोडले जाते आणि पहिली तक्रार येते, "रंग दिसत नाहीत. दोनच दिसतात." मग निकाल लागतो, की यंत्र बिघडले, द्या मोडीत. वास्तविक हा निकाल देण्यापूर्वी एक विवेक करावा लागतो. समोर दिसते आहे तो दोष आहे, की ती यंत्राची मूळची मर्यादाच आहे?

बीबीसी मायक्रोच्या 'बी' प्रकारात स्मृती अवघी ३२ किलोबाइट. आजच्या मोबाइलमधील एका छायाचित्रालाही याच्या शंभरपट जागा सहज लागते. या तुटपुंज्या भांडवलातून चित्रासाठी फार तर २० किलोबाइट काढता येत. तेवढ्यात ६४० गुणिले २५६ ठिपक्यांचे रेखीव चित्र काढले, तर रंग मिळत दोन. ठिपके निम्मे करून ३२० केले, की रंग चार. आणखी निम्मे करून १६० वर आले, की आठही रंग उपलब्ध, शिवाय लुकलुकणाऱ्या रंगछटा वेगळ्या. रक्कम तीच, वाटणी निराळी. दुकानात ठरलेल्या भांडवलात एकाच मालाचा मोठा साठा करावा की थोडा थोडा नाना प्रकारचा माल ठेवावा, हा व्यापाऱ्याचा नित्याचा प्रश्न. तोच येथे यंत्रापुढे असतो. म्हणून 'मोड ४' मध्ये दोनच रंग दिसले, तर तो बिघाड नव्हे. 'मोड २' असा आदेश टंकून रिटर्नची कळ दाबावी. 'ए' प्रकारच्या यंत्रात स्मृती १६ किलोबाइटच असल्याने हा आदेश तेथे चालत नाही, हेही ध्यानी असावे.

मर्यादा वगळूनही रंग उणे राहिले, तर मात्र शोध घ्यावा लागतो. तो कोठून सुरू करावा, याचा उत्तम दृष्टान्त जैन परंपरेतच आहे. अनेक मंदिरांच्या भिंतींवर लेश्यावृक्षाचे चित्र आढळते. सहा भुकेले वाटसरू जांभळाच्या झाडापाशी येतात. पहिला म्हणतो, झाड मुळासकट तोडू. दुसरा बुंध्यावर घाव घालू पाहतो, तिसरा फांद्यांवर, चौथा घोसांवर. पाचवा केवळ पिकली फळे खुडू इच्छितो आणि सहावा म्हणतो, खाली पडलेली फळेच पुरेशी आहेत. फळ सर्वांनाच हवे आहे. हानी मात्र प्रत्येकाची निराळी. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतचा हा क्रम दुरुस्तीच्या कामालाही चपखल लागू पडतो. पेटी उघडताच चिप उपटणे हा मुळावर घाव. जे बाहेरूनच कळते, ते आधी बाहेरून पाहावे.

त्याहीपूर्वी एक सावधगिरी. भंडारा हा तलावांचा आणि भाताचा जिल्हा. पावसाळ्यातील दमट हवा येथे कपाटातील वस्तूंनाही सोडत नाही. या संगणकाच्या वीजपुरवठा-पेटीत २३० व्होल्टच्या वाटेवर कागदी थराचे कपॅसिटर असतात. कालांतराने त्यांच्या पारदर्शक आवरणाला तडे जातात, ओल आत शिरते आणि अनेक वर्षांनी वीज दिल्यावर ते फुटून घरभर कडवट धूर होतो. म्हणून बटण दाबून पाहण्याचा मोह आवरावा. जाणत्या कारागिराकडून ते कपॅसिटर आधी बदलून घ्यावेत. खर्च अल्प असतो. ही पेटी घरी उघडू नये, कारण बंद यंत्रातही काही काळ विजेचा साठा राहतो.

यंत्र सुखरूप सुरू झाले, की पहिली तपासणी दूरचित्रवाणीची. तिच्यावर दुसरे काही रंगीत लावून पाहावे. रंगाची पातळी शून्यावर तर नाही ना, आणि प्रणाली 'पाल'वर आहे ना, हे पाहावे. नव्या संचांत हे रिमोटच्या यादीत दडलेले असते.

दुसरी तपासणी तार कोठे लावली आहे याची. बीबीसी मायक्रोच्या मागे चित्रासाठी तीन वाटा आहेत. एक दूरचित्रवाणीच्या अँटेनासाठी, दुसरी 'व्हिडिओ' असे लिहिलेली गोल खाच आणि तिसरी लाल, हिरवा, निळा हे तीन रंग स्वतंत्रपणे देणारी सहा टाचण्यांची खाच. यांतील मधली वाट कारखान्यातूनच कृष्णधवल ठेवलेली आहे! आजच्या संचाला जोडायला तीच सर्वांत सोयीची, त्यामुळे बहुतेक जण तीच वापरतात आणि रंग गेल्याचा समज करून घेतात. आतील 'एस ३९' हा दुवा जोडला, की तेथेही रंग येतात. पण त्यासाठी सोल्डरिंग करावे लागते. त्याआधी दुसरी वाट वापरून पाहणे शहाणपणाचे.

तिसरी तपासणी सर्वांत रंजक आहे. या यंत्राचे आठ रंग म्हणजे तीन मूळ रंगांची बेरीज : काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, किरमिजी, आकाशी आणि पांढरा. तिसऱ्या वाटेने जोडल्यावर तिन्हींपैकी एका रंगाची तार तुटली, तर आठाचे चार होतात. दोन तुटल्या, तर दोनच उरतात. कोणती तार गेली, हे यंत्र सुरू होताच पहिल्या ओळीतील अक्षरे सांगतात, कारण ती मुळात पांढरी असतात. ती आकाशी दिसली, तर लाल हरवला. पिवळी दिसली, तर निळा. किरमिजी दिसली, तर हिरवा. अशा वेळी दोष बहुधा तारेत किंवा खाचेत असतो. पितळी भांड्यांसाठी ख्यात असलेल्या भंडाऱ्यात पितळ दमट हवेत कसे काळवंडते, हे कोणाला सांगायला नको. तोच प्रकार या टाचण्यांचा. मात्र भांड्यांना लावतात तशी चिंच येथे चालत नाही. वीज बंद करून संपर्क स्वच्छ करण्याचे खास द्रव वापरावे.

तीन रंगांच्या खाचेतून सारे ठीक, पण अँटेनाच्या वाटेने चित्र करडे, असे असेल तर दोष 'पाल' विभागात. दूरचित्रवाणीला रंग ओळखण्यासाठी सेकंदाला सुमारे ४४.३ लाख कंपनांची खूण लागते. तिचे स्फटिक वयोमानाने किंचित सरकले, की संच रंग नाकारतो. त्यालगतचा छोटा फिरता कपॅसिटर प्लास्टिकच्या पेचकसाने केसभर फिरवून कित्येकदा रंग परततात. तिन्ही वाटांवर चित्र सारखेच चुकले, आणि यंत्र तापल्यावर अधिकच बिघडले, तरच 'व्हिडिओ यूएलए' या मुख्य चिपवर संशय घ्यावा. तीही आधी खाचेतून अलगद काढून पुन्हा बसवावी. बदलण्याचा विचार शेवटी.

हा क्रम केवळ पैशाच्या बचतीसाठी नाही. मोडीत गेलेल्या यंत्राच्या तारा तांब्यासाठी उघड्यावर जाळल्या जातात, डाखातील शिसे माती-पाण्यात उतरते आणि त्याचा भार असंख्य सूक्ष्म जीवांवर पडतो. एक यंत्र वाचवणे हा तेवढ्या हिंसेचा परिहार होय. अपरिग्रहाचा अर्थ नवे न घेणे एवढाच नसून, असलेले जबाबदारीने सांभाळणे हाही आहे.

व्यापारी घराण्यांना परिचित असलेली एक सवय येथे फार उपयोगी पडते. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत टिपून ठेवावा : काय दिसत होते, काय केले, काय पालटले. मेळ न बसल्यास मागची ओळ पाहून एक पाऊल परतता येते. चोख नोंद असेल, तर यंत्र पुढच्या पिढीच्या हाती जाताना त्याच्या दुखण्याचा इतिहासही सोबत जाईल.