डबे, झाकणे आणि नाईट शिफ्ट
(लेखांक सहावा)

एक ते तीन वर्षे या वयातील मूल योजनांच्या, शाळांच्या आणि पालकांसाठी लिहिलेल्या बहुतेक पुस्तकांच्याही फटीत सापडते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत जन्मापासून सहा वर्षांपर्यंतची मुले येतात हे खरे. परंतु तिच्यातील पूर्वप्राथमिक शिक्षणाचा भाग तीन ते सहा या वयोगटासाठी राखला गेला आणि तीन वर्षांखालील मुलाच्या वाट्याला प्रामुख्याने घरी न्यायचा पूरक आहार, लसीकरण आणि वजन-उंचीच्या नोंदी एवढेच आले. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०२४ मध्ये ‘नवचेतना’ नावाचा आराखडा प्रसिद्ध केला आणि त्यात जन्मापासून छत्तीस महिन्यांपर्यंत महिनावार करावयाच्या १४० कृती दिल्या, तेव्हा ही उणीव निदान कागदावर भरून निघाली. या कृती घरी करावयाच्या असल्यामुळे ते घर कसे आहे, त्यात कोण कोणत्या वेळी झोपलेले असते आणि जमिनीवर किती जागा मोकळी राहते, यावर त्यांचे सारे यश अवलंबून राहते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात या प्रश्नांची उत्तरे कारखान्यांनी ठरवली आहेत. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथे कारखान्यांची रांग लागली, आणि २००९-१० च्या सुमारास मोटारींचे मोठे प्रकल्प आल्यावर हीच रांग चाकणपर्यंत पोहोचली. या कारखान्यांत काम करणारी मराठवाडा, खानदेश, विदर्भ, उत्तर प्रदेश आणि बिहार येथून आलेली असंख्य कुटुंबे खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, चिखली, तळवडे अशा ठिकाणी दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोल्यांत राहतात. मोशी-वाकडच्या सदनिकांतील मुलांसाठी प्लेग्रुप आणि दुकानातील खेळणी उपलब्ध असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही. भाड्याच्या खोलीत साहित्याची टंचाई नसते, कारण भांडी, डबे, कापड आणि पुठ्ठा घरोघरी असतोच. टंचाई असते ती मोकळ्या जमिनीची, दिवसाच्या शांततेची आणि मोठ्या माणसाच्या रिकाम्या हातांची. म्हणून कृतींची निवड मुलाच्या वयाइतकीच या तीन गोष्टींकडे पाहून करावी लागते.

बालशिक्षणाच्या इतिहासात ही परिस्थिती अनोळखी नाही. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो भागात पहिले बालगृह उघडले ते कामगारांच्या चाळवजा इमारतीतच, आणि आईवडील दिवसभर कामाला गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठीच. त्यांनी बनवलेली साधने मात्र पुढे महाग होत गेली. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी ही अडचण ओळखली. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाचे काम १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर नेताना त्यांनी व अनुताई वाघ यांनी बिया, शंख-शिंपले, पाने, खडे आणि मातीची भांडी यांनाच साधनांचा दर्जा दिला. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी वर्गच पाड्यावरच्या अंगणात नेला, आणि अंगणवाडीची कल्पना तेथे आकाराला आली. कोसबाडला जे काम बियांनी केले तेच काम चाकणच्या खोलीत स्वयंपाकाची भांडी करू शकतात, अट एवढीच की त्यांमागचे तत्त्व सांभाळले गेले पाहिजे.

हे तत्त्व डब्यांच्या संचात सर्वांत स्पष्ट दिसते. एकात एक बसणारे पाच स्टीलचे डबे आणि त्यांची पाच झाकणे बाराव्या महिन्याच्या आसपासच्या मुलासमोर ठेवली, तर ते प्रथम नुसते आत घालणे आणि बाहेर काढणे करीत राहते. मोठ्यांना ही पुनरावृत्ती निरर्थक वाटते, परंतु आत-बाहेर, रिकामे-भरलेले, मावते-मावत नाही या कल्पनांची पहिली ओळख तीतूनच होत असते. दीड वर्षाच्या सुमारास मूल झाकणे लावून पाहू लागते, आणि दोन वर्षांच्या पुढे ते मोठ्यापासून लहानापर्यंत उतरंड रचण्याचा प्रयत्न करते, जो पुष्कळदा फसतो. माँटेसरी यांच्या गुलाबी मनोऱ्यात एक सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंतचे दहा ठोकळे असतात आणि त्यांचे सारे शैक्षणिक मोल एका गुणात साठलेले असते: क्रम चुकला की तो डोळ्यांना खटकतो आणि मनोरा डळमळतो, म्हणून चूक दाखवायला शिक्षकाची गरज उरत नाही. या गुणाला चुकीचे स्वयंनियंत्रण म्हणतात. लहान झाकण मोठ्या डब्यात पडते आणि मोठे झाकण लहान डब्यावर बसतच नाही, तेव्हा डब्यांच्या संचात हा गुण आधीपासूनच असतो. त्यामुळे या कृतीत मोठ्या माणसाचे सर्वांत अवघड काम म्हणजे हात आखडता घेणे, आणि ‘अरे, ते नाही, हे लाव’ असे घाईने सांगणारी आजी किंवा शेजारीण त्यातील शिकण्याचा भागच काढून घेत असते.

डब्यांचा दोष मात्र एकच आणि तो मोठा आहे: ते वाजतात. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यातील कामगार नाईट करून सकाळी घरी परततो आणि दुपारपर्यंत त्याच एका खोलीत झोपतो. या वेळेत मुलाला गप्प ठेवण्याचा सोपा उपाय म्हणून त्याच्या हाती मोबाईल दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या मुलाला बसून पडदा पाहू देऊ नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाहून अधिक देऊ नये, आणि कमी असेल तितके बरे. हे मार्गदर्शन योग्य आहे, पण झोपलेल्या वडिलांचे काय करायचे याचे उत्तर त्यात नाही. ते घरानेच शोधायचे असते, आणि ‘मोबाईल देऊ नका’ एवढेच सांगून थांबणारे मार्गदर्शक अर्धेच काम करतात. येथे सुचवावेसे वाटते ते असे की घरातील कृतींचे वाजणाऱ्या आणि न वाजणाऱ्या असे दोन गट पाडावेत, आणि पाळी बदलेल त्या आठवड्यापासून त्यांच्या वेळाही बदलाव्यात. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात सकाळ डब्यांची ठेवावी; नाईटच्या आठवड्यात डबे संध्याकाळी काढावेत आणि सकाळ कापडाला द्यावी.

कापडाच्या कृती गरीब वाटल्या तरी त्यांत पुष्कळ काही आहे. जुनी सुती साडी, टॉवेल, रेशमी काठ, लोकरीचा तुकडा, गोणपाट अशा निरनिराळ्या स्पर्शांच्या तळहाताएवढ्या चिंध्या एका तोंड रुंद असलेल्या पिशवीत भरून दिल्या की वर्षाचे मूल त्या एकेक उपसत बसते. कापडाखाली वाटी झाकून ती शोधायला लावणे हा त्याहून खोल खेळ आहे. दृष्टीआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, ती तेथेच असते, या जाणिवेला वस्तूची स्थिरता म्हणतात. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी ती पहिल्या दोन वर्षांतील सर्वांत मोठ्या बौद्धिक कमाईंपैकी एक मानली. मूल एका कापडाखालची वाटी सहज काढू लागले की त्याच्यादेखत ती पहिल्या कापडाखालून दुसऱ्याखाली सरकवावी. लहान मूल पुष्कळदा पहिल्याच कापडाखाली शोधते, आणि वाटी आधी जेथे सापडली तेथेच ते का शोधते, हा प्रश्न संशोधकांनाही दीर्घकाळ गुंतवून ठेवणारा ठरला आहे. मळलेल्या कणकेचा गोळा हीदेखील अशीच न वाजणारी कृती असून दाबणे, तोडणे आणि चिमटीत धरणे यांतून बोटांना बळ येते. कणीक टिकावी म्हणून तिच्यात मूठभर मीठ घालण्याची रीत मात्र या वयात टाळावी, कारण दीड वर्षाचे मूल ती तोंडात घालणारच आणि तेवढे मीठ त्याच्या शरीराला सोसणारे नसते.

आईचे हात रिकामे नसतात, तेव्हा कृती स्वयंपाकातच मिसळावी लागते. बाजारातून आणलेल्या पिशवीतील कांदे एका टोपलीत आणि बटाटे दुसऱ्या टोपलीत टाकणे हे काम दोन वर्षांचे मूल मन लावून करते. कांद्यासाठी नाव असलेल्या चाकणमध्ये तर त्यासाठी वेगळे काही आणावे लागत नाही. अनेक पुस्तकांत याच जागी राजमा आणि हरभरे वेगळे करण्याची कृती दिलेली असते, परंतु वाटाणा, हरभरा आणि शेंगदाणा या वयात नाकात आणि घशात जातात, त्यामुळे ती तीन वर्षांखाली देऊच नये. टोपल्या भरताना आईने बोलत राहावे: हा जड, हा हलका, याची साल सुटली, आता एकच उरला. हे बोलणे अहिराणी, वऱ्हाडी, भोजपुरी किंवा लातूरकडची मराठी, ज्या भाषेत आईला विचार न करता बोलता येते त्या भाषेत व्हावे. मुलाला शहरी मराठी किंवा इंग्रजी यावी म्हणून तुटक, पाठ केलेले शब्द वापरणाऱ्या घरात मुलाच्या कानावर एकूण बोलणेच कमी पडते. मूल काही आवाज काढील तेव्हा थांबून त्याला उत्तर देणे हे नुसत्या सलग बोलण्यापेक्षा अधिक उपयोगी असते.

पाण्याचा खेळ मुलांना सर्वांत प्रिय आणि या पट्ट्यात सर्वांत अडचणीचा. पिंपरी-चिंचवड महापालिकेने नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केल्यावर साठवणुकीचे पिंप आणि बादल्या घराचा कायमचा भाग झाल्या. लहान मूल बादलीच्या तळाशी असलेल्या बोटभर पाण्यातही बुडू शकते, म्हणून त्यांवर झाकण हवेच. खेळासाठी परातीत पेलाभर पाणी, दोन वाट्या आणि एक चमचा पुरतो. मोठे माणूस शेजारी बसलेले असावे, आणि उरलेले पाणी पुसायला वापरता येते.

राहिला प्रश्न कारखान्यातून घरी येणाऱ्या वस्तूंचा. स्वच्छ पुठ्ठ्याचे खोके, त्याच्या पिना काढल्या आणि तेलाचा डाग नसला, तर बसायला, ढकलायला आणि आत वस्तू टाकण्यासाठी भोक पाडायला उत्तम. थर्मोकोल, हवेच्या फुग्यांचे प्लास्टिक आणि पॅकिंगमधील ओलावा शोषणाऱ्या पुड्या यांना हात लावू देऊ नये. कोणती वस्तू गिळता येण्याजोगी लहान आहे हे ठरवण्यासाठी खेळण्यांच्या सुरक्षा-मानकांत ३.१७ सेंटीमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात. जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती तीन वर्षांखालील मुलासाठी नव्हे. हे मापक घरी करता येते: पुठ्ठ्याची नेमकी दहा सेंटीमीटर लांबीची पट्टी वळवून टोकाला टोक जुळवले की जवळजवळ तेवढ्याच व्यासाची नळी तयार होते. चेंडू किंवा मणी अशा गोल वस्तूंसाठी मर्यादा ४.४५ सेंटीमीटर, म्हणजे चौदा सेंटीमीटरची पट्टी. या औद्योगिक पट्ट्यात नट-बोल्ट हे मुलाला सर्वांत आकर्षक वाटणारे आणि सहज हाती येणारे खेळणे आहे. एम-१६ चा नट त्या लहान नळीत सहज मावतो, एम-२४ चा मावत नाही, पण मोठ्या नटालाही तेल आणि धातूचा लेप असतो आणि तो पायावर पडला तर इजा होते. शिवाय कंपनीच्या गेटवर झडती असते, हा वेगळा भाग. नट फिरवण्यातून मनगटाला जी सवय होते ती दोन वर्षांनंतर बरणीच्या फिरकीच्या झाकणानेही होते. बरणी रिकामी असावी आणि काचेची नसावी.