टर्बो पेट्रोल कारला एलपीजी किट बसवावे का? बचत किती, जोखीम कुठे, समजून घ्या

मुंबईत पेट्रोलने २०२१ च्या मे महिन्यात लिटरमागे शंभरी ओलांडली. तेव्हापासून गॅस किटची चौकशी करणारे वाढले. साध्या पेट्रोल कारला किट बसवणे ही आता जुनी गोष्ट आहे. मात्र गेल्या काही वर्षांत अनेकांच्या दारात टर्बो पेट्रोल गाड्या आल्या आहेत. पिकअप दमदार, पण शहरातल्या ट्रॅफिकमध्ये मायलेज बघून खिसा दुखतो. मग प्रश्न येतो, टर्बो गाडी एलपीजीवर चालते का?

थोडक्यात उत्तर : चालते. पण ‘कुठलेही किट, कुठल्याही गॅरेजमध्ये’ हा हिशेब इथे चालत नाही. किट चुकीचे बसले, तर वाचवलेल्या पैशांपेक्षा इंजिनाचे काम महाग पडू शकते.

टर्बो आणि एलपीजी : जोडी मुळात चांगली

ऑटो एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण. त्याचा ऑक्टेन क्रमांक साध्या पेट्रोलपेक्षा जास्त असतो. टर्बो इंजिनात हवा दाबून भरली जाते, त्यामुळे सिलिंडरमधले तापमान आणि दाब दोन्ही वाढतात. अशा वेळी इंधन वेळेआधीच पेटले, तर इंजिनात ‘नॉकिंग’ म्हणजे ठोके बसतात. ऑक्टेन जास्त असल्याने एलपीजी हा ताण पेट्रोलपेक्षा चांगला सहन करते.

दुसरा फायदा हवेचा. एलपीजी वायुरूपात इंजिनात जाते तेव्हा हवेची ३ ते ४ टक्के जागा व्यापते. साध्या इंजिनात तेवढी ताकद कमी होते. टर्बो मात्र थोडी जास्त हवा ढकलून ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. युरोपात रेनो-डाचिया कंपनी टर्बो इंजिनाच्या ‘इको-जी’ गाड्या थेट कारखान्यातूनच एलपीजी टाकीसह विकते. भारतातही टाटाने सप्टेंबर २०२४ मध्ये नेक्सॉनचे सीएनजी मॉडेल टर्बो इंजिनासह आणले. इंधन वेगळे असले, तरी टर्बो आणि गॅस एकत्र नांदू शकतात हे त्यातून दिसले.

मग अडचण कुठे येते?

अडचण दाबाची आहे. एलपीजी टाकीत द्रवरूपात असते. तिथून ते ‘रिड्युसर’मध्ये येते. इंजिनाच्या गरम कूलंटची उष्णता घेऊन तिथे त्याची वाफ होते आणि पुढे गॅस इंजेक्टरमधून ती इंजिनात सोडली जाते.

आता एक उदाहरण घ्या. समजा रिड्युसर बाहेरच्या हवेपेक्षा १ बार जास्त दाबाने गॅस देतो. साध्या इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त जातच नाही, त्यामुळे गॅस सहज आत शिरतो. टर्बो इंजिनात मात्र जोरात ॲक्सिलरेटर दिला की मॅनिफोल्डचा दाबही १ बारने वाढू शकतो. दोन्हीकडे दाब सारखा झाला, तर गॅस आत जाणार कसा?

म्हणून टर्बो गाडीत रिड्युसरला मॅनिफोल्डमधून एक व्हॅक्यूम पाइप जोडावाच लागतो. टर्बोचा दाब वाढला की गॅसचा दाबही तेवढाच वाढतो आणि फरक कायम राहतो. शिवाय किटचा प्रेशर सेन्सर टर्बोचा दाब मोजू शकणारा हवा आणि रिड्युसर व इंजेक्टर गाडीच्या ताकदीला पुरणारे हवेत.

हे लहान पडले, तर घाटात किंवा एक्स्प्रेस वेवर, नेमका जोर लागतो तेव्हा, इंजिनाला गॅस कमी आणि हवा जास्त मिळते. मिश्रण ‘लीन’ होते आणि सिलिंडरमधून बाहेर पडणारा धूर जास्त तापतो. त्याचा मार आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्हला आणि पुढे टर्बोला बसतो. शहरात ४० च्या वेगाने चालवताना यातले काहीच जाणवत नाही. म्हणूनच ट्यूनिंग फक्त गॅरेजच्या दारात उभ्या गाडीवर करून भागत नाही. लॅपटॉप जोडून, रस्त्यावर पूर्ण जोर देऊन तपासणी व्हायला हवी.

जुन्या पद्धतीचे मिक्सर किट टर्बो गाडीला बसवूच नये. त्यात गॅस आणि हवा आधीच एकत्र होतात. हे मिश्रण टर्बो, इंटरकूलर आणि पाइपमध्ये भरून राहिले आणि बॅकफायर झाला, तर मोठे नुकसान होऊ शकते. इथे सिक्वेन्शियल किटच हवे.

तुमच्या गाडीचे इंजिन कोणते?

हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न. टर्बो पेट्रोल इंजिने दोन प्रकारची असतात.

• पोर्ट इंजेक्शन : पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, इनटेकमध्ये फवारले जाते. टाटा नेक्सॉनचे १.२ टर्बो किंवा निसान मॅग्नाइट आणि रेनो कायगरचे १.० टर्बो या गटातले. यांना गॅसवर आणणे तांत्रिकदृष्ट्या तुलनेने सोपे.

• डायरेक्ट इंजेक्शन : पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. ह्युंदाईचे १.० टी-जीडीआय, स्कोडा-फोक्सवॅगनचे १.० टीएसआय, मारुती फ्रॉंक्सचे १.० बूस्टरजेट ही त्याची उदाहरणे.

दुसऱ्या गटात पेट्रोल इंजेक्टरचे टोक थेट आगीच्या तोंडी असते. आतून वाहणारे पेट्रोलच त्याला थंड ठेवते. गाडी पूर्ण गॅसवर गेली की हा गारवा थांबतो आणि इंजेक्टर खराब होऊ शकतो. म्हणून या गाड्यांसाठीची खास किट गॅसवर असतानाही थोडे पेट्रोल फवारत राहतात. साहजिकच किट महाग आणि बचत कमी.

एकाच नावाच्या गाडीत दोन्ही प्रकार असू शकतात. महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओमध्ये ‘टीसीएमपीएफआय’ हे पोर्ट, तर ‘टीजीडीआय’ हे डायरेक्ट इंजेक्शन इंजिन आहे. त्यामुळे मॉडेलच्या नावावर जाऊ नका, इंजिन तपासा.

खरी बचत किती?

एक लिटर एलपीजीमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा कमी ऊर्जा असते. त्यामुळे मायलेज साधारण २० ते २५ टक्क्यांनी घटते. फक्त पंपावरचे दोन दर बघून हिशेब केला, तर फसगत होते.

उदाहरणासाठी आकडे धरू. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि मायलेज १४ असेल, तर किलोमीटरला साडेसात रुपये पडतात. एलपीजी ६५ रुपये लिटर आणि मायलेज ११.२ धरले, तर ५ रुपये ८० पैसे. म्हणजे किलोमीटरमागे १ रुपया ७० पैसे वाचले. किटचा खर्च ६० हजार धरला, तर तो वसूल व्हायला सुमारे ३५ हजार किलोमीटर लागतील. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला जवळपास तीन वर्षे! रोज ८० किलोमीटर चालवणाऱ्याला मात्र सव्वा वर्षाच्या आत.

यात गाडी रोज पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन गरम झाल्यावरच गॅसवर जाते, तो खर्च धरलेला नाही. स्पार्क प्लग लवकर बदलावे लागतात आणि व्हॉल्व्हचा गॅप तपासावा लागतो, तेही वेगळे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करताना मान्यताप्राप्त किटच वापरावे लागते आणि आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्यावी लागते. बीएस-६ पेट्रोल गाड्यांना गॅस किट बसवण्याची तरतूद केंद्राने २०२२ मध्ये केली. किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते आणि ती तुमच्या गाडीच्या इंजिनाला लागू हवी. टाकीला पेसो या केंद्रीय यंत्रणेची मान्यता लागते. तिचे मुख्यालय नागपुरात आहे.

घरगुती सिलिंडर गाडीला जोडणे हा गुन्हा आहे आणि जीवाशी खेळही. गाडीच्या टाकीत ८० टक्के भरल्यावर गॅस आपोआप थांबवणारा व्हॉल्व्ह असतो, तो घरगुती सिलिंडरमध्ये नसतो. एलपीजी हवेपेक्षा जड असते, गळती झाली की ते खाली साचते. त्यामुळे बेसमेंट पार्किंगमध्ये वास आला, तर गाडी सुरू करू नका.

पैसे देण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. माझे इंजिन पोर्ट इंजेक्शनचे की डायरेक्ट?
२. या इंजिनासाठी किटचे मान्यता प्रमाणपत्र दाखवता का?
३. रिड्युसर आणि इंजेक्टर किती ताकदीपर्यंतचे आहेत?
४. रस्त्यावर पूर्ण जोर देऊन ट्यूनिंग करून देणार का?
५. आरसीवरील नोंद कोण करून देणार आणि किती दिवसांत?

याशिवाय दोन फोन करा. एक गाडीच्या सर्व्हिस सेंटरला, कारण बाहेरून किट बसवल्यास इंजिनाची वॉरंटी जाऊ शकते. दुसरा विमा कंपनीला, कारण किटची नोंद पॉलिसीत नसेल तर क्लेम अडकू शकतो. आणि रोजच्या रस्त्यावर ऑटो एलपीजीचा पंप आहे का, हेही बघून घ्या. अनेक भागांत सीएनजी पंप सहज सापडतात, एलपीजीचे शोधावे लागतात.

गाडी पोर्ट इंजेक्शनची, वॉरंटी संपलेली, रोजचे रनिंग मोठे आणि पंप जवळ असेल, तर एलपीजीचा विचार जरूर करा. यातल्या दोन गोष्टी जरी जुळत नसतील, तरी पेट्रोलच परवडेल.