कोपरी कॉलनी आणि कल्याण कॅम्प

फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांच्या निवाऱ्याची जी तजवीज सरकारला तातडीने करावी लागली, तिच्यातूनच ठाणे स्टेशनच्या पूर्वेस, खाडीच्या अंगाला, कोपरी कॉलनीची वस्ती झाली. तथापि त्या आपत्तीची व्याप्ती ध्यानी यावयाची तर कल्याण कॅम्पाकडेच वळले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात फौजेसाठी उभारलेल्या तेथील लांबलचक बराकींत पडद्यांचे आडोसे करून सुमारे एक लाख माणसे राहिली, आणि त्या कॅम्पाच्याच जागी उल्हास नदीवरून नाव घेतलेल्या उल्हासनगराची कोनशिला ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते बसली. पडद्याआडच्या त्या संसारांनी दाखविलेले धैर्य मला कोनशिलेहून थोर वाटते.