अंजन, धामण आणि त्यांचीं सोयरीं गवतें : ओळखण्याच्या खुणा

होटगीच्या आसपासचे मुरमाड माळ, ओढ्याकांठच्या पडजमिनी आणि येथून विजापूर-गदगकडे फुटणाऱ्या लोहमार्गाच्या कडा यांवर पावसाळा सरतेवेळीं जें कांहीं डोलतें, त्यास आपण 'गवत' या एकाच नांवानें ओळखतों. महसुली दप्तरांतहि 'गवतपड' या एका शब्दांत सर्वांची बोळवण होते. परंतु विकतचें बी घेऊन बांधावर किंवा पडींत गवत लावावयाचें झालें, म्हणजे हाच एक शब्द महाग पडतो. वर्षानुवर्षें टिकणारें म्हणून घेतलेलें गवत एका हंगामाचें निघालें, तर उन्हाळ्यांत बांध उघडा पडतो आणि पहिल्याच वळवाच्या सरीनें माती वाहून जाते. आपल्या जिल्ह्यांत पाऊस अल्प व लहरी. १९७२ च्या दुष्काळांत वैरणीची टंचाई काय असते तें ज्यांनीं पाहिलें, त्यांस या विषयाचें महत्त्व सांगावयास नको.

प्रथम अंजन गवत घेऊं. (अंजन नांवाचा वृक्ष आहे, तो निराळा.) शास्त्रज्ञ यास सेंक्रस सिलिअॅरिस म्हणतात. हें बहुवर्षायु असून याचें बूड गांठाळ असतें. कणीस दोन ते चार-पांच इंच लांब, खारीच्या शेपटीसारखें मऊ व जांभळट किंवा गवती रंगाचें. कणसांतील एकेक झुबका उपटून तळहातावर ठेवावा. दाण्यांभोंवतीं जे लांब केस दिसतात ते अगदीं बुडाशींच एकमेकांस जुळलेले असून वर सुटे असतात. आंतील केसांच्या खालच्या भागास बारीक लव असते, आणि एक केस इतरांहून लांब असतो.

याचेंच सख्खें भावंड सेंक्रस सेटिजेरस होय. राजस्थानांत त्यास 'मोडा धामण' म्हणतात. आपल्याकडे 'धामण' हा शब्द दोहोंसहि लावतात, म्हणून नांवावर विसंबूं नये, झुबका पाहावा. याचे केस आंखूड, ताठ व चपटे असून खालच्या भागीं एकजीव होऊन त्यांची कठीण वाटी बनलेली असते. केसांस लव नसते. पिकलेलें कणीस हातांत चोळलें असतां अंजनाचा कापसासारखा पुंजका होतो, तर याचे कणीदार मणी मोकळे होतात. दोन्ही गवतें बहुवर्षायु, अवर्षण सोसणारीं व जनावरांस रुचणारीं आहेत. तेव्हां या दोहोंची अदलाबदल झाली तरी मोठी हानि नाहीं.

हानि होते ती पुढील तिघांच्या बाबतींत. पहिलें दीनानाथ गवत, म्हणजे पेनिसेटम पेडिसेलाटम. याचा तुरा पांढुरका किंवा गुलाबी, लोंकरीसारखा फुललेला असतो. प्रत्येक झुबक्यास स्वतंत्र लहानसा देंठ असतो आणि केस बुडापासून सुटे व पिसासारखे असतात. हें चाऱ्यास उत्तम, परंतु एकवर्षायु आहे. पहिल्या वर्षीं कमरेपर्यंत वाढून तें मन मोहून घेतें. दुसऱ्या वर्षाची आशा मात्र गळलेल्या बियांवर ठेवावी लागते. म्हणून तें शेतांत पेरावें, बांध राखण्यास लावूं नये.

दुसरें सेंक्रस बायफ्लोरस, राजस्थानांतील 'भुरट'. रेताड जमिनींत उगवणाऱ्या या गवताच्या झुबक्यांस कांटे असून त्यांचे दांते उलटे वळलेले असतात. त्यामुळें तीं बोंडें कपड्यांस व जनावरांच्या लोंकरीस चिकटतात. बियांची मूठ भरतांच बोटें टोंचलीं, तर तें बी परत करावें.

तिसरें शोभेचें गवत. रोपवाटिकांत यास 'फाउंटन ग्रास' म्हणतात. शास्त्रीय नांव पेनिसेटम सेटेशियम. याचें कणीस सहा इंचांपासून फूटभर लांब व वांकलेलें असून कांहीं केस इंचाहूनहि लांब असतात. पानें अरुंद व खरखरीत, म्हणून गुरें त्यास फारसें तोंड लावीत नाहींत. हवाई बेटांत बागेसाठीं आणलेलें हें गवत माळांवर पसरलें आणि वणव्यांस इंधन झालें. बागेंत लावावयाचेंच असेल, तर बहुधा बी न धरणारी जांभळ्या पानांची जात घ्यावी. उलट आपलें गुणी अंजन ऑस्ट्रेलियांत बेसुमार पसरून तेथील रानास त्रासदायक झालें आहे. गवताचा गुण-अवगुण स्थळावर अवलंबून असतो.

बियांच्या पिशवीवर एकाच गवताचीं दोन शास्त्रीय नांवें आढळल्यास गोंधळूं नये. केस जुळलेले तें सेंक्रस व सुटे तें पेनिसेटम, असा भेद पूर्वीं करीत. परंतु ही जुळणी कमीअधिक प्रमाणांत सर्वत्र दिसते. म्हणून २०१० सालीं संशोधकांनीं दोन्ही कुळें एक करून सेंक्रस हेंच नांव ठेविलें. त्या मताप्रमाणें आपली बाजरी व हत्तीगवतहि याच घराण्यांतलीं ठरतात.

आतां मारवेल, म्हणजे डायकँथियम अॅन्युलेटम. याच्या पेरांच्या गांठींवर पांढऱ्या केसांचें कडें असतें. पण एवढ्यावर निर्णय करूं नये; कारण त्याच्यासारखेंच बोटांप्रमाणें जांभळट तुरे काढणारें बोथ्रिओक्लोआ पर्टूसा हेंहि गांठींवर केस बाळगतें. भिंग घेऊन तुऱ्यांतील बिनदेंठाच्या कणाचें बाहेरील टरफल पाहावें. सुईनें टोंचल्यासारखा खळगा असल्यास तें पर्टूसा. शिवाय मारवेलच्या तुऱ्यांत तळच्या एकदोन जोड्यांस कुसळ नसतें. पर्टूसा जमिनीलगत पसरून तुडवणूक सोसतें, म्हणून चराईस बरें. कापणीच्या वैरणीस मात्र उभें वाढणारें मारवेलच श्रेष्ठ. मारवेलचीं ठोंबें लावतां येत असल्यानें खात्रीच्या बेटांतूनच तीं आणावीं, म्हणजे भेसळीचा प्रश्नच उरत नाहीं.

अंजनाचें ताजें बी कित्येक महिने सुप्तावस्थेंत असतें, म्हणून तें वर्षभर ठेवून मग पेरावें. खोल गाडूं नये, अर्ध्या इंचाच्या आंतच ठेवावें. केसाळ बी हातांतून नीट सुटत नाहीं, यासाठीं त्यांत ओलसर माती मिसळावी.

शंका असल्यास नुसती पानें कोणास दाखवूं नयेत. मूळ, गांठी व पिकलेलें कणीस यांसह संपूर्ण ठोंब वर्तमानपत्रांत दाबून वाळवावें, त्यावर जागा व तारीख लिहावी आणि मोहोळ येथील कृषि विज्ञान केंद्रांत दाखवावें. अशा पांच-दहा ओळखीच्या ठोंबांचा संग्रह गांवच्या संस्थेंत राहिला, तर प्रत्येकास बी घेतेवेळीं पडताळा पाहतां येईल आणि पैसा व हंगाम दोन्ही वांचतील.