फळी तीच, मग पाय का लटपटतात? माउंटन बाईकच्या वाटेवरचे अडथळे आणि भीती

अंगणात एक फूट रुंदीची फळी जमिनीवर टाका आणि तिच्यावरून सायकल न्या. दोन-चार प्रयत्नांत कोणालाही जमते. आता तीच फळी चार फूट उंच खांबांवर चढवा. फळीची रुंदी तेवढीच आहे, सायकल तीच आहे, चालवणाराही तोच आहे. तरीही त्याचे पाय लटपटतात, हात आखडतात आणि बहुतेक वेळा तो फळीच्या तोंडाशीच ब्रेक दाबून खाली उतरतो. असे का होते, हे समजून घेण्याची गरज आम्हाला जरा उशिराच वाटली.

आम्ही काही मित्रमैत्रिणी दर रविवारी सकाळी पुण्याजवळच्या टेकड्यांवर सायकली घेऊन जातो. दोन वर्षांपूर्वी, पावसाळा संपता संपता, आमच्यातील एका मित्राचे मनगट मोडले. अडथळा म्हणाल तर गुडघ्याएवढ्या उंचीची कातळाची पायरी. तो तिच्यापाशी दोनदा थांबला होता, दोनदा मागे वळला होता. तिसऱ्या वेळी आम्ही सगळे ओरडलो, "अरे टाक बिनधास्त, काही होत नाही!" त्याने सायकल टाकली, पण अगदी कडेवर आल्यावर ब्रेक दाबला आणि हँडलवरून पुढे फेकला गेला. सहा आठवडे प्लास्टर, तेवढे दिवस कामावर खाडा आणि त्या महिन्यांचा पगारही कापून. मनगट त्याचे मोडले, पण चूक आम्हा सगळ्यांची होती. आज अनेक तरुण आम्हाला विचारतात की कोणती सायकल घ्यावी, किती गिअरची घ्यावी. भीतीबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून हा लेख.

लाकडी फळ्यांचा विषय निघाला की कॅनडाचे नाव घ्यावेच लागते. व्हँकुव्हर शहराच्या उत्तरेला, खाडीपलीकडे, सायप्रस, फ्रोम आणि सीमोर असे तीन डोंगर आहेत. या भागाला नॉर्थ शोअर म्हणतात. तिथे पाऊस भरपूर, जंगल दाट, जमिनीवर मुळांचे जाळे आणि मधे ओले दगड नि चिखल. अशा जमिनीवरून सायकल जावी आणि मातीही वाहून जाऊ नये, म्हणून तिथल्या सायकलस्वारांनी सेडरची लाकडे फाडून चिखलावर साकव टाकायला सुरुवात केली. आपल्याकडे कोकणात ओढ्यावर टाकतात, साधारण तीच कल्पना. काम गरजेचे होते. पण माणसाचा स्वभाव असा की गरज भागली की खेळ सुरू होतो. १९९० च्या दशकात हे साकव उंच होत गेले, अरुंद होत गेले, झाडांना वळसे घालू लागले. पुढे गेल्यावर खाली कलणाऱ्या फळ्या आल्या, मुलांच्या बागेतल्या सी-सॉसारख्या. 'डिगर' या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या टॉड फियांडर यांनी अशा वाटा बांधल्या आणि त्यांवरच्या सायकलस्वारांचे व्हिडिओही काढले. त्या व्हिडिओंमुळे ही शैली जगभर पोहोचली. डॅन कोवन यांनी फ्रोम डोंगरावर बांधलेली 'फ्लाइंग सर्कस' ही वाट तर उंचावरच्या अरुंद फळ्यांसाठीच प्रसिद्ध झाली. अरुंद फळीला तिथे 'स्किनी' म्हणतात.

आता या स्किनीवर माणूस का पडतो ते पाहू. सायकल उभी राहते ती हँडलच्या सततच्या बारीक हालचालींमुळे. सायकल डावीकडे कलली की आपण नकळत हँडल किंचित डावीकडे वळवतो आणि चाके पुन्हा आपल्या खाली येतात. सायकलला वेग असेल तर ही हालचाल अगदी बारीक पुरते. वेग कमी झाला की तेवढाच तोल सावरायला हँडल जास्त वळवावे लागते आणि चाक जास्त जागा घेते. रस्त्यावर चाक चार बोटे इकडेतिकडे गेले तर आपल्या लक्षातही येत नाही. फळीवर ती चार बोटेच सगळे काही असतात.

भीती नेमकी इथे घात करते. भीती वाटली की आपण हळू होतो. हळू झालो की चाक जास्त डगमगते. डगमगले की भीती वाढते. त्यात दुसरी गोष्ट म्हणजे नजर. घाबरलेला माणूस ज्या गोष्टीला घाबरतो तिच्याकडेच बघत राहतो, म्हणजे फळीच्या कडेकडे किंवा खालच्या दगडाकडे. आणि सायकल नजरेमागे जाते. खड्डा टाळायचा म्हणून खड्ड्याकडे बघत बघत त्यातच गेलेला माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे, बहुधा आपण स्वतःच तो असतो. तिसरी गोष्ट, उंचीवर गेले की शरीर ताठ होते. कोपरे सरळ होऊन अडकतात, मूठ घट्ट होते आणि खालून आलेला प्रत्येक हिसका थेट हँडलपर्यंत पोहोचतो. म्हणजे जमिनीवर जे तंत्र आपल्याला येत होते, ते उंचीवर आपल्याकडे राहतच नाही. फळी तीच असली तरी चालवणारा तोच राहिलेला नसतो.

म्हणून जाणकार सांगतात ते अगदी साधे आहे. फळीवर चढण्याआधीच सायकल सरळ करावी, थोडा वेग घ्यावा, नजर फळीच्या शेवटाकडे ठेवावी आणि पेडल मारत राहावे. ऐकायला सोपे आहे. आमच्यातील एकीला जमिनीवरच्या फळीपासून फूटभर उंचीच्या फळीपर्यंत यायला तीन महिने लागले.

कातळाची पायरी, म्हणजे ज्याला सायकलस्वार 'ड्रॉप' म्हणतात, तिची गोष्ट निराळी आहे. इथे रुंदीचा प्रश्न नसतो, वेळेचा असतो. माउंटन बाईकच्या पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांत साधारण सव्वा मीटर अंतर असते. ताशी १५ किलोमीटर वेगाने गेलात तर पुढचे चाक कडेवरून सुटल्यानंतर सुमारे ०.३ सेकंदात मागचेही सुटते. दोन्ही चाके जवळपास एकत्र हवेत येतात आणि सायकल फारशी न कलता खाली उतरते. चालण्याच्या वेगाने गेलात तर मधे एक सेकंदाहून जास्त वेळ जातो. तेवढ्या वेळात पुढचे चाक खाली जाते, मागचे वरच राहते आणि माणूस हँडलवरून पुढे ओढला जातो. पायरी बुटकी असेल तर हळू जाऊनही चाक गडगडत उतरवता येते, पण त्यासाठी शरीर मागे-खाली घ्यावे लागते आणि पुढचा ब्रेक सोडून द्यावा लागतो. उंच पायरीवर मात्र हळू जाणे हाच सर्वांत धोकादायक पर्याय असतो. आमच्या मित्राचा निर्णय जाण्याचाही नव्हता आणि न जाण्याचाही नव्हता. तो दोन्हींच्या मधे, ठीक कडेवर, बदलला. वाईट पडझड बहुतेक अशीच होते.

दगडांच्या पट्ट्याला 'रॉक गार्डन' असे गोंडस नाव आहे. तिथेही हळू गेले की पुढचे चाक दोन दगडांच्या फटीत अडकते. ब्रेक पट्ट्याच्या आधी मारायचा असतो, आत नाही. ओल्या मुळांवर तिरके जाऊ नये. दरीकडेच्या हेअरपिन वळणावर नजर दरीकडे ओढली जाते, ती ओढून वळणाच्या पुढच्या तोंडाकडे न्यावी लागते. या सगळ्यांत जे आहे ते फळीवर सांगून झालेच आहे.

पण मग भीती नसणे म्हणजे सुरक्षित असणे का? तसेही नाही. टोकियो ऑलिंपिकची माउंटन बाईक शर्यत २६ जुलै २०२१ रोजी इझू येथे झाली. नेदरलँड्सचा माथ्यू व्हान डर पूल हा जगातील अव्वल सायकलपटूंपैकी एक. धाडसाची त्याच्याकडे कधीच कमतरता नव्हती. पहिल्याच फेरीत एका मोठ्या दगडावरून खाली उतरताना तो हँडलवरून पुढे फेकला गेला आणि जोरात आपटला. सरावाच्या वेळी त्या दगडाखाली उताराची फळी लावलेली होती. शर्यतीच्या दिवशी ती नव्हती. इतर स्पर्धकांनी उडी मारूनच तो दगड पार केला. व्हान डर पूल फळी असेल असे गृहीत धरून गेला. फळी तिथे असेल असे आपल्याला वाटले होते, हे त्याने नंतर स्वतःच सांगितले. काही फेऱ्या त्याने रेटल्या, पण शेवटी शर्यत सोडली. सुवर्णपदक ब्रिटनच्या टॉम पिडकॉकला मिळाले, ज्याचे गळ्याजवळचे हाड दोनच महिन्यांपूर्वी मोडले होते. थोडक्यात, अडथळा आपल्या डोळ्यांनी, त्याच दिवशी बघणे याला पर्याय नाही. कालचा दगड आज तसाच असेल याची खात्री कोणी देत नाही.

वाटा बांधणाऱ्यांनीही भीतीचा विचार केलेला आहे. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन या १९८८ साली स्थापन झालेल्या संस्थेने वाटांची प्रतवारी ठरवली आहे. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड, दोन काळे हिरे म्हणजे अत्यंत अवघड. यातली आम्हाला आवडलेली गोष्ट अशी की बांधलेल्या अडथळ्याची नुसती रुंदी पाहिली जात नाही, उंचीशी तिचे प्रमाण पाहिले जाते. मध्यम वाटेवर असा अडथळा दोन फुटांपेक्षा उंच नसावा आणि त्याची रुंदी उंचीच्या निम्म्याहून जास्त असावी. अवघड वाटेवर उंची चार फुटांपर्यंत चालते आणि रुंदी निम्म्याहून कमी असू शकते. सुरुवातीला सांगितलेली आपली फळी या मापाने थेट काळ्या हिऱ्यात जाते. म्हणजे त्या फळीपाशी पाय लटपटणे हा भित्रेपणा नव्हताच.

चांगल्या वाटांवर आणखी एक युक्ती असते. वाटेच्या अगदी तोंडाशीच, जमिनीलगत, एक अवघड अडथळा ठेवतात. तो जमला नाही तर पडून फारसे लागत नाही, पण पुढे काय आहे ते कळते आणि माणूस तिथूनच परत फिरतो. आणि मोठ्या अडथळ्याच्या बाजूने वळसा घालणारी सोपी वाट ठेवलेली असते. ऑलिंपिकच्या मार्गावरही अशा वाटा असतात. ती घेतली तर काही सेकंद जातात, एवढेच.

आपल्याकडे मात्र सोपी वाट घेणाऱ्याची टर उडवली जाते. उतरून सायकल हातात धरून चालणाऱ्या मुलाला 'घाबरट' म्हणतात आणि मुलगी उतरली तर "तरी म्हटलं होतं" असे म्हणतात. गटाच्या दबावाखाली चढलेला माणूस अडथळ्याकडे बघत नसतो, तो मागे उभ्या असलेल्या मित्रांकडे बघत असतो, आणि सायकल नजरेमागे जाते हे वर सांगितलेच आहे. मोबाईलवर व्हिडिओ सुरू असेल तर विचारूच नका.

त्या अपघातानंतर आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या. नवीन अडथळा आला की सगळ्यांनी उतरायचे, आधी वरून आणि मग खालून बघायचे, उतरल्यावर सायकल कुठे जाईल ते चालत जाऊन पाहायचे. मग प्रत्येकाने स्वतःला विचारायचे की एवढ्याच मापाची गोष्ट सपाट जागेवर मला दहापैकी दहा वेळा जमते का? जमत नसेल तर भीती खरे बोलते आहे, तिचे ऐकायचे आणि आधी ते तंत्र शिकायचे. जमत असेल तर पुढचा प्रश्न, पडलो तर कुठे पडेन? खाली माती असेल तर प्रयत्न करून पाहता येतो. खाली टोकदार कातळ किंवा दरी असेल तर दहापैकी दहा जमत असूनही 'नको' म्हणता येते. तोंडाशी दोनदा थांबलेल्या माणसाने त्या दिवशी तिसऱ्यांदा जायचे नाही. आणि कोणी ओरडायचे नाही, हा नियम सर्वांत कडक आहे. हेल्मेटचा पट्टा लावणे, हातमोजे नि गुडघ्याचे पॅड घालणे हे तर आहेच, पण दुकानदार ते सांगतातच.

आपल्या टेकड्यांवर सेडरचे साकव नाहीत. इथे काळा कातळ आहे, घसरता मुरूम आहे आणि जूनपासून कातळावर चढणारे शेवाळ आहे. जी पायरी मे महिन्यात सहज उतरता येते तीच ऑगस्टमध्ये साबणासारखी होते, तेव्हा उन्हाळ्यातला अनुभव पावसाळ्यात धरून चालू नये. इथे जाता जाता एक सांगायलाच हवे. काही तरुण लेण्यांकडे जाणाऱ्या दगडात कोरलेल्या पायऱ्यांवरून सायकली उतरवण्याचा विचार बोलून दाखवतात. त्या पायऱ्या दोन हजार वर्षे टिकल्या आहेत, त्या खेळाचा अडथळा नाहीत. सायकल पायथ्याशी लावावी आणि वर पायी जावे.

आमचा मित्र प्लास्टर निघाल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा येऊ लागला. त्या पायरीपाशी आला की तो उतरतो, सायकल खांद्याला लावतो आणि बाजूने खाली जातो. गेल्या महिन्यात त्याने घरामागच्या मोकळ्या जागेत विटांवर फळी टाकून वीतभर उंचीची पायरी केली आहे, संध्याकाळी कामावरून आला की तिच्यावरून उतरण्याचा सराव करतो. परवा त्याने आणखी दोन विटा मागितल्या.